खंडेनवमीची हिरवी काच

काम कशासाठी चाललंय हे एकालाच ठाऊक आणि बाकी सगळे मान डोलावतात, असं तुमच्याकडं कधी झालंय का? परभणीला जनावरांच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायचे. तिथं असे किस्से साठतच गेले.

सीमा मॅडमची पीएचडी एका कुपीवर अडली होती. परदेशातून ती आली त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, रिक्षा नव्हती. मॅडम स्टेशनवरून थर्माकोलचा खोका उराशी धरून चालत आल्या. आत बर्फ, बर्फात करंगळीएवढी कुपी. आमचे शिपाई गफूरभाई खोक्यात वाकून म्हणाले, "मॅडम, माल रस्त्यात पडला वाटतं."

*

मी विचारलं, "हे औषध कशावर?"

"कशावरच नाही, मावशी. पेशीला लोह आत घ्यायला दार असतं. हे त्या दाराला चिकटतं आणि खास दिव्याखाली हिरवं चमकतं."

"मग दार उघडतं?"

"नाही. नुसतं दिसतं."

मी मान डोलावली.

कुपीतलं औषध माणसाच्या पेशींसाठी बनवलेलं. मेंढीच्या पेशींना ते चिकटलं नाही, तर मॅडमना विषयच बदलावा लागणार होता.

*

पालमहून सखाराममामा अशक्त मेंढी घेऊन एसटीनं आले. मॅडम म्हणाल्या, "हिला रक्त कमी, म्हणून नव्या पेशी जास्त. त्यांच्यावर ही दारं जास्त. हीच हवी."

मामा गोंधळले. "मंग हिला बरी करायलाव, का अशीच ठेवायलाव?"

मॅडमनी आधी रक्त काढून घेतलं, मग रक्त वाढायचं इंजेक्शन दिलं. मामा दोन्ही सुयांकडं आळीपाळीनं बघत राहिले.

*

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा असते. आमच्या मोठ्या सरांनी सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हातानं काचपट्ट्यांचा डबा उघडून आतही वाहिलं.

दुपारी मॅडम ओरडल्या, "चमकलं!" पेढे आले.

मग पडताळायला त्यांनी औषध न घातलेली रक्ताची काच लावली. तीही चमकली. कोरी काच लावली. तीही चमकली.

"कोऱ्या काचेला कुठलं दार?" सर म्हणाले. गफूरभाईंनी पेढा परत ठेवला.

मॅडमनी सरांचा हात धरला आणि हळदीनं माखलेला अंगठा त्या दिव्याखाली नेला. हिरवागार.

कुपीत एका काचेपुरतं औषध उरलं होतं. मी न उघडलेल्या डब्यातून नव्या पट्ट्या काढल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी शेवटची काच लावली. मेंढीच्या पेशी हिरव्या कडांनी चमकल्या, बिनऔषधाची काच काळी राहिली आणि सर हात मागं बांधून दारातच उभे राहिले.