इवायाचा पासवर्ड

लोहारा गावातल्या आमच्या घरी वायफाय आलं ते माझ्या सासऱ्यांच्या हट्टामुळं. त्यांना मी मामा म्हणते. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. जोडणी करणारा माणूस टीव्हीच्या वर भिंतीवर डबा ठोकून गेला आणि जाताना म्हणाला, "पासवर्ड तुमचा तुमी बदलून घ्या." मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळं ते काम माझ्या गळ्यात आलं.

मोबाइलवर सेटिंग उघडलं तसे मामा खुर्ची ओढून शेजारी बसले. एन्क्रिप्शनचा रकाना आल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय अन्?"

"कुलूप म्हणा. मधी कुणी चोरून ऐकलं तरी त्याला काही कळत नाही."

"मग सगळ्यात भक्कम लाव."

पासवर्डला मी मुलीचं नाव सुचवलं. मामांनी हात झटकला. "ते सगळ्या गल्लीला ठावं हाय. कुणाच्या सपनात बी येणार न्हाय असं पायजे." थोडा वेळ छताकडं बघून ते म्हणाले, "लिही. इवायाचा टॉवेल आखूड."

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मामांचे इवाई म्हणजे माझे वडील. लग्नात मामांना फेट्याची आशा होती. आहेरात आली टॉवेल-टोपी. आंघोळीनंतर तो टॉवेल गुंडाळला की टोकाला टोक लागत नाही, हे गाऱ्हाणं मी लग्नापासून ऐकत आले होते.

"मामा, माझे वडील आहेत ते!"

"म्हणूनच तर. तू मरंस्तोवर कुणाला सांगायची न्हाईस."

मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली: पासवर्ड मजबूत. "बघ," मामा म्हणाले, "मशीनला बी पटलं."

दिवाळीनंतर वडील आले. माहेरच्या ईट गावाहून निघून, वाटेत तुळजापूरला दर्शन घेऊन, कपाळावरचा मळवट तसाच ठेवून. चहा होतो न होतो तोच त्यांनी मोबाइल काढला. गाईला जुळी वासरं झाली होती. भावानं व्हिडिओ पाठवला होता, पण तो उघडेना.

"इवाई, तुमचं वायफाय हाय म्हणं. पासवर्ड सांगा की."

मामांना ठसका लागला. "त्यो... त्यो लई अवघड हाय."

"द्या अप्पा, मी टाकते," मी वडिलांपुढं हात केला.

"मला येतंय टाइप करायला. तू निस्ता सांग."

मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि पासवर्ड बदलायला सेटिंग उघडलं. सेटिंगनं त्याचाच वेगळा पासवर्ड मागितला. तो होता डब्याच्या खाली चिकटवलेल्या कागदावर, आणि डबा होता दोघा इवायांच्या समोर. मी स्टूल आणि फडकं घेऊन बाहेर आले.

"पाहुणे आल्यावर साफसफाई?" वडिलांनी विचारलं.

"लई धूळ बसती तिथं," मामा घाईघाईनं म्हणाले.

मान वाकडी करून मी अक्षरं वाचली, स्टुलावर उभ्या-उभ्याच नवा पासवर्ड टाकला आणि बटण दाबलं. डब्यावरचे दिवे विझले, पुन्हा लागले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना मी आत्या म्हणते. टॅबवरची त्यांची मालिका मधेच बंद पडली होती.

"अगं, नेट गेलं की! पासवर्ड मागतंय. त्योच टाकू का, इवायाचा टॉवेल आखूड?"

मी स्टुलावर, फडकं हातात. मामा कॅलेंडर वाचायला लागले.

"आखूड?" वडील म्हणाले. आवाज शांत होता. "इवाई, टॉवेल आखूड न्हवता. तुमीच जरा रुंद हाव."

मामा ताडकन उठले, कपाटातून टॉवेल काढला आणि पँटवरच कमरेला गुंडाळला. वीतभर फट राहिली. "हे बघा!" वडिलांनी तोच टॉवेल स्वतःच्या धोतरावरून गुंडाळला. त्यांना तो दीड वेढा बसला. "हे बघा!" मग मामांनी पोट आत घेतलं आणि श्वास कोंडून पुन्हा गुंडाळला. टोकं भेटली, पण मामांना बोलता येईना. बोलले की टोकं सुटत. वडील हसून हसून सोफ्यावर आडवे झाले. मामाही हसले, आणि टॉवेल पायात पडला.

आत्या दारात येऊन हे सगळं बघत होत्या. "लाज वाटू द्या दोघांना," त्या म्हणाल्या. "तू उतर गं खाली. आता पासवर्ड मी ठरवणार. कुठं टाकायचा तेवढं दाव."

मी दाखवलं. त्यांनी पाठ फिरवून, एका बोटानं, बराच वेळ काहीतरी टाइप केलं. त्यात कुठंतरी स्वतःशीच खुदकन हसल्या.

तेव्हापासून घरात दुसऱ्या कुणालाच पासवर्ड माहीत नाही. पाहुणा आला की मोबाइल आत्यांच्या हातात द्यायचा. त्या आत जाऊन जोडून आणतात. मामांनी दोन-चारदा खोदून विचारलं. "निदान माझ्यावर हाय का, तेवढं तरी सांग."

"लई लांब हाय," आत्या म्हणाल्या. "तुमच्या ध्यानात राहायचा न्हाय."