डोकं टोपी घालायला असतं

"डोक्यानं नाही! डोकं टोपी घालायला असतं!"

लंडनजवळच्या वॉटफर्डला राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता, आणि कुंपणापलीकडून एक म्हातारी माझ्या लेकीवर खेकसत होती. सईनं फुटबॉल डोक्यानं उडवला होता, एवढाच तिचा गुन्हा. "आई, ती आजी मॅड आहे का?" तिनं विचारलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं.

त्या आयव्ही. नव्वदीच्या, एकट्या, तोंडानं फटकळ. माझ्या आल्याच्या चहाला त्या 'तुमचं औषध' म्हणायच्या आणि दुसरा कप मागायच्या. मी हॉस्पिटलात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बघते हे कळलं, तेव्हा मात्र त्यांनी दुसरा कप मागितला नाही. पुढच्या खेपेला आपणहून बोलू लागल्या.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांचे वडील उत्तरेकडच्या एका फुटबॉल क्लबात सेंटर-हाफ होते, म्हणजे मधोमध उभं राहून उंच चेंडू डोक्यानं परतवणारे. गुडघा गेला, तसे त्याच क्लबचे मॅनेजर झाले. मॅनेजर नावालाच. संघ निवडायचे क्लबचे डायरेक्टर, हरल्यावर शिव्या यांनी खायच्या. संघ खालच्या विभागात घसरला आणि त्यांना नारळ मिळाला. मग वॉटफर्डच्या एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलता उचलता त्यांनी सगळी ईर्षा थोरल्या लेकावर, टॉमवर काढली. चामड्याचा चेंडू रात्रभर बादलीत भिजत ठेवायचे, पावसातल्या सामन्यात होतो तसा जड व्हावा म्हणून. सकाळी परसात धाकट्या आयव्हीनं तो फेकायचा आणि टॉमनं डोक्यानं मारायचा. "जोरात फेक, पोरी. सामन्यात कुणी लाड करत नाही," असं वडील बजावायचे.

टॉम पुढे चांगला खेळला. पण साठीत वडिलांना कोटाची बटणं लावता येईनात, आणि टॉम तर पन्नाशीच्या आतच बहिणीला तिचं नाव विचारू लागला. दोघांचंही शेवटपर्यंत आयव्हींनीच केलं. लग्न राहूनच गेलं.

"खरं सांगा, डॉक्टर," एका दुपारी कप खाली ठेवून त्या म्हणाल्या. "चेंडूमुळेच ना?"

"एकेका माणसाबद्दल छातीठोकपणे नाही सांगता येत. पण शक्यता आहे. बरीच आहे." मला राहवलं नाही. "आयव्ही, तुम्ही तेव्हा आठ वर्षांच्या होतात!"

"वय नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या.

डॉक्टर असून इतकं निरुपयोगी मला क्वचितच वाटलं असेल. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. सई अंगणात दिसली की "टोपी!" एवढंच ओरडायच्या. सईही दोन्ही हात डोक्यावर ठेवून दाखवायची.

हिवाळ्यात आयव्हींना न्यूमोनिया झाला. आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो, तेव्हा त्या तापात होत्या. पांघरुणाबाहेर काढलेले दोन्ही हात वर जात होते, काहीतरी फेकत होते, पुन्हा वर जात होते. सकाळपासून असंच चाललंय, नर्स म्हणाली.

"अजून एक, टॉम," आयव्ही पुटपुटत होत्या. "मग घरात."

सईला मी सगळं सांगितलं होतं. ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि तिनं ओंजळ पुढे केली.

"पकडला, आयव्ही. हातानं पकडला."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. हात पुन्हा वर गेले. संध्याकाळपर्यंत जात राहिले, आणि मग आयव्हीच गेल्या.