आंचार तळ्यावरची मुख्ता

माझी सासू मुख्ता बाजारात बोलायला लागली की शेजारचा भाजीवाला आपलं तोंड मिटून घेई. मासे सासऱ्यांनी मारायचे आणि टोपली डोक्यावर घेऊन तिनं विकायचे, अशी आमच्या मच्छीमारांत जुनी वाटणी. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती म्हणे, "बर्फात तू झोपला होतास का पालथा?"

कडाक्याच्या थंडीत आमचं आंचार तळं काठानं गोठतं, मधे तेवढा पाण्याचा पट्टा मोकळा राहतो. बर्फ फोडत होड्या तिथवर जातात, रांग धरतात, सगळे मिळून काठ्यांनी पाणी बडवतात आणि मग एकदम गप्प. जो तो होडीच्या टोकाशी पालथा पडून डोक्यावरून घोंगडी ओढतो. घोंगडीची सावली पाण्यात पडते, भेदरलेला मासा तिच्यात लपायला येतो आणि वरून भाला. कुणी एक खोकला तरी सगळ्यांच्या सावल्या रिकाम्या. म्हणून रांगेतली जागा सहजी मिळत नाही आणि हिवाळ्यात होडी येईनाशी झाली तर ती दुसऱ्याला जाते.

त्या वर्षी सासऱ्यांचे हात चहाचा पेला धरवेना इतके थरथरायला लागले. माझा नवरा शाली विकायला कोलकात्याला गेलेला. सासऱ्यांचा धाकटा भाऊ गफार रोज तब्येत विचारायला येई आणि जाताना भाल्याकडे बघे. मला त्याचा राग यायचा. सासूचा त्याहून जास्त, कारण ती त्यालाही चहा द्यायची.

मग एका सकाळी तिनं नवऱ्याचा पायघोळ लोकरी फेरन अंगात चढवला आणि होडी पाण्यात लोटली.

रांगेचे म्होरके रजबकाका. बाकीचे हसले, ते हसले नाहीत. म्हणाले, "मुख्ता, इथं तोंड बंद ठेवावं लागतं. आवाज झाला तर होडी वळव आणि पुन्हा येऊ नकोस."

"बाजारात ओरडते ते तुम्ही मारलेल्याला मोल यावं म्हणून," ती म्हणाली. "इथं ओरडून कुणाचं भलं करू?"

पुढचं मला तिच्याकडूनच कळलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर. पुरुष पालथे पडताना उबेसाठी आणलेली निखाऱ्यांची कांगडी मागे पायांशी ठेवतात. आम्हा बायकांना ती फेरनच्या आत पोटाशी धरायची सवय. मुख्ता तशीच पालथी पडली. भाला उचलायला जरा सरकली आणि कांगडी कलंडून निखारे होडीत अंथरलेल्या गवतावर सांडले. गवतानं लगेच पेट घेतला. उठावं तर होडी हलणार, निखारे पाण्यात टाकावेत तर चर्र आवाज होणार. तिनं हात पाण्यात बुडवला, गवत दाबून विझवलं, निखारे मुठीत गोळा केले आणि मूठ आवळून धरली.

जळक्या गवताचा वास शेजारच्या होडीत गफारला आला. ओरडला असता तर जागा त्याचीच होती. पण त्याच्याही सावलीत मासा शिरलेला.

मुख्तानं डाव्या हातानं भाला मारला. पहिला फुकट गेला, पुढच्याला मासा आला. रांगेतल्या कुणाचाच मासा पळाला नाही.

घरी तिचा तळहात पाहून मी तिच्यावर खूप ओरडले. हात मोठा की मासा, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी वल्हं धरायला गेली तर बोटं मिटेनात. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले. एका दिवसाचं कौतुक कोण करतंय, एवढं सगळं करून जागा गेलीच, असं मलाही वाटलं आणि रडू आलं.

उन्हं वर आली तरी तळ्यावरून पाणी बडवल्याचा आवाज येईना. तेवढ्यात गफार दारात आला. आत येईना, खाली बघत बोलला.

"वहिनी, रजबकाका रांग धरून बसलेत. मधे तुमची जागा सोडलीय. म्हणाले, ती आल्याशिवाय काठी पाण्याला लावायची नाही." मग म्हणाला, "वल्हं मी मारतो. तुम्ही सावली धरा."

सासरे उठले, खाली बसले आणि थरथरत्या हातांनी तिच्या पायांत बूट चढवायला लागले. वेळ लागत होता, पण तिनं पाय मागे घेतला नाही.

"कधीचे बसलेत?" तिनं विचारलं.

"होड्यांभोवती बर्फ पुन्हा धरायला लागलाय."

"मग उभा काय राहिलास," मुख्ता म्हणाली, "घोंगडी घे."