आत्याबाईंनी पाचर दिली नाही

झाकणांच्या कारखान्यात नवी बाई कामाला लागली की पहिल्या चहाच्या सुट्टीत तिला पाचर मिळायची. बोटभर लांबीचा, घासून गुळगुळीत केलेला लाकडाचा तुकडा. प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. म्हणजे साचा पडताना दोन्ही हात बटणांवर, सुखरूप. यंत्र बनवणाऱ्याने एवढी अक्कल चालवली होती. कारखान्याने त्याच्यावर कडी केली. डाव्या बटणात पाचर ठोकली की ते कायमचं दाबलेलं राहतं, डावा हात पत्रा सरकवायला मोकळा होतो आणि झाकणं भराभर पडतात. कुणी आपल्या पाचरीला नेलपॉलिश लावायची, कुणी रंगीत दोरा गुंडाळायची. नव्या बाईला पाचर द्यायचा मान मात्र आत्याबाईंचा.

हे नाव त्यांना नात्यामुळे पडलं नव्हतं, सगळ्यांच्या कामात नाक खुपसण्यामुळे पडलं होतं. ‘सूर्य उशिरा उगवला तरी ही त्याला जाब विचारेल,’ असं त्यांचा नवरा म्हणायचा, तेही त्या घरात नसताना. मग एके दिवशी खरीखुरी भाची, धाकट्या भावाची मुलगी, शेजारच्या प्रेसवर कामाला आली. भावाचं काम सुटलं होतं आणि आता हिच्याच पगारावर घर चालायचं होतं.

चहाच्या सुट्टीत बाया गोळा झाल्या. भाचीने हसत ओंजळ पुढे केली. आत्याबाईंचा हात कमरेच्या पिशवीत गेला, पाचर सापडली, पण हात काही बाहेर येईना. अशीच ओंजळ मागे एका कुरळ्या केसांच्या नव्या पोरीनेही पुढे केली होती. तिला त्यांनी थट्टामस्करी करत पाचर दिली होती. पुढे तिच्या डाव्या हाताची दोन बोटं साच्याखाली गेली. ‘लक्ष नव्हतं तिचं,’ मुकादम म्हणाला, आणि एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी मूग गिळून बसल्या. त्याची लाज त्यांना आजवर छळत होती.

“नाही मिळणार,” त्या म्हणाल्या. “हिलाही नाही आणि पुढच्या कुणालाही नाही.”

त्यांनी आपल्या प्रेसचीही पाचर उपटली आणि पिशवीतल्या पाचरीबरोबर चहाच्या शेगडीत टाकली.

मुकादमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आत्याबाई, शनिवारी तुमचं नि भाचीचं झाकणांचं पिंप काट्यावर ठेवतो. इतरांपेक्षा हलकं भरलं तर मुकाट्याने पाचर लावायची, नाहीतर दोघींनी घरची वाट धरायची.”

“ठेवा की. काटा नीट पुसून ठेवा तेवढा.”

बोलून तर गेल्या, पण आता ते निभवायचं होतं. दोन हात बटणांवर न्यायचे म्हणजे वेळ जाणारच. मग तो भरून कुठून काढायचा? त्या दिवसभर हात चालवत राहिल्या आणि डोळे इकडेतिकडे फिरवत राहिल्या. पत्र्यांची चळत पाठीमागे जमिनीवर. दर वेळी वळा, वाका, उचला. तयार झाकणांचं पिंप यंत्राच्या पलीकडे, म्हणजे उठा आणि वळसा घाला. वाटेत तेल सांडलेलं, त्यामुळे पाय जपून टाका. “स्वयंपाक करताना मिठाचा डबा कुणी अंगणात ठेवतं का गं?” त्या भाचीवरच ओरडल्या. त्या बिचारीने डबा कुठेच ठेवला नव्हता.

भंगारातून एक लंगडी घडवंची निघाली. तिला पाय ठोकून त्यांनी पत्र्यांची चळत डाव्या कोपरापाशी आणली. पत्र्याची पन्हळ वाकवून साच्यापासून पिंपापर्यंत उतरती लावली, झाकण आपोआप घरंगळत जाईल अशी. तेलावर लाकडाचा भुसा टाकून जमीन खरवडून काढली. साच्यातलं झाकण ओढायला दोन लांब चिमटे आणले. भाचीच्या प्रेसलाही तेच सगळं केलं.

“संसार थाटलाय नुसता,” बाया हसायच्या. त्यांच्यातली थोरली बाई मात्र चिडली होती. “आमची घडी कशाला विस्कटतेस? आमची बोटं आहेत ना जागेवर?”

“आहेत तोवर मोजून ठेव,” आत्याबाई म्हणाल्या.

शनिवारी पिंपं काट्यावर चढली. आत्याबाईंचं इतरांच्या बरोबरीने भरलं. भाचीचं हलकं भरलं. नवखीच ती. भाचीचा चेहरा पडला. मुकादमाने खिशातून कोरी पाचर काढली, ती बहुधा सकाळीच करून आणली होती, आणि भाचीच्या डाव्या बटणात हातोडीने ठोकली.

“आत्या, राहू दे,” भाची हळूच म्हणाली. “मी सांभाळून करीन.”

“ती कुरळ्या केसांची पोरही हेच म्हणाली होती!” आत्याबाई कडाडल्या. मग मुकादमाकडे वळल्या. “ठोकलीत ना? आता पहिलं झाकण तुम्ही काढा. घाला हात.”

सगळ्या प्रेस थांबल्या. मुकादम बसला. उजवा हात बटणापाशी नेला, डाव्या हाताने पत्रा उचलला. साच्याच्या तोंडाशी त्याचा हात घुटमळला. वर साचा, खाली साचा, मध्ये स्वतःची बोटं. त्याने पत्रा खाली ठेवला.

“माझं काम नाही हे,” तो म्हणाला. “मी कशाला माझा हात...”

वाक्य पुरं करायची गरज उरली नव्हती. थोरली बाई उठली आणि तिने आपली नेलपॉलिशवाली पाचर खेचून काढली. “घरी दाराला होईल,” ती पुटपुटली. आणखी दोघींनी काढल्या. बाकीच्या खाली मान घालून बसून राहिल्या.

“सोमवारी येऊ नका तुम्ही,” मुकादम आत्याबाईंना म्हणाला.

“येणार. काढायचं असेल तर मालकांना सांगा, आणि तुम्ही हात का घातला नाही तेही सांगा.”

सोमवारी भोंग्याच्या आधीच मुकादम दारात आडवा उभा होता. आत्याबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. “बाजूला व्हा. तेल सांडलंय तिथे, पडाल.” तो दचकून खाली बघतोय तोवर त्या आत शिरल्या.

भाची आधीच प्रेससमोर उभी होती. डाव्या बटणातली पाचर तिने स्वतः उपटून काढली होती. आत्या दिसताच तिने ओंजळ पुढे केली. आत्याबाईंनी तिच्या हातात चिमटा ठेवला, ओंजळ आपल्या दोन्ही हातांनी मिटली आणि दहाही बोटं हाताला लागेपर्यंत सोडली नाही.