हिरव्या टोपीची सुई

“अगं गिरिजा, जेलातनं सोडत न्हाईत म्हणजे काय? पाचला पावणं यायल्यात!”

एवढंच माझ्या कानावर आलं. पुढचं सगळं माझ्याच कुकरच्या शिट्टीनं खाल्लं. गॅस बंद करून परत भिंतीजवळ जाईपर्यंत पलीकडं फोन ठेवलेला.

आता तुम्ही म्हणाल, काकू, भिंतीला कान कशाला लावायचा? अहो, मी लावत नाही. भिंतच पातळ आहे, त्याला मी काय करू?

तर बसा. चहा घ्या, आणि माझा हा पराक्रम माझ्याच तोंडून ऐका. गल्लीत तो चार-पाच तऱ्हांनी फिरतोय, आणि प्रत्येकात मी जरा जास्तच जाडी आणि जास्तच गुन्हेगार होत चाललेय.

आम्ही उचगावला राहतो. भिंतीपलीकडं महादेवीअक्का. मूळच्या सीमेकडच्या, रागावल्या की कानडीत रागावतात, त्यामुळं मला कधी लागत नाही. मालक गेल्यापासून त्या आणि लेक गिरिजा, दोघीच. गिरिजा शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. हात असा हलका, की आमच्या ह्यांनी एकदा हात पुढं करून डोळे गच्च मिटले, आणि दोन मिनिटांनी म्हणतात, “काढ की आता!” तोवर पोरगी बाटलीवर नाव लिहून मोकळी!

अशा गुणी पोरीची आधीची दोन स्थळं मोडली. का? तर म्हणे, दिवसभर परक्या माणसांचे हात धरायचं काम. ऐका! हे तिसरं स्थळ कबनूरचं. घरचे यंत्रमाग, मुलगा सरळ. आणि स्थळ कुणी आणलं? मी! माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतलं. त्याच दिवशी पाचला पावणं सुपारी फोडायला येणार होती. आणि अडीच वाजता माझ्या कानावर काय? गिरिजा जेलात!

मी तिचा फोन लावला. बंद. अक्कांचं दार वाजवलं.

“अक्का, गिरिजा कुठाय ओ?”

“कामावर.” त्या माझ्याकडं बघेचनात. हातातली परात उगाच पुसत होत्या.

“आज पावणं यायच्यात न्हवं?”

“येतीय ती. काय काम हुतं तुमचं?”

“काय न्हाई. सहज.”

सहज! त्या बाईचे डोळे रडून सुजलेले होते. माझी खात्रीच झाली. पोरीला कुणीतरी कशाततरी गुंतवलं असणार, आणि आई लाजेनं बोलत नाही. मग बोलायचं कुणी? मी तिथंच पदर खोचला. पाचच्या आत गिरिजाला जेलातनं सोडवून आणायचं, आणि कबनूरच्या कानावर अक्षर जाऊ द्यायचं नाही! एकदा ठरवलं की ठरवलं. आमच्या ह्यांना विचारा.

हां, एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली.

त्याच सकाळी मी विरजण मागायला अक्कांच्यात गेले होते. गिरिजा अंघोळीला, अक्का देवपूजेत. खाटेवर गिरिजाची कामाची पिशवी उघडी. आता उघडी पिशवी दिसल्यावर माणूस काय डोळे फोडून घेणार आहे? आत एक कोरा करकरीत डबा होता, सुयांचा. झाकण चिकटवलेलं. माझ्या टाचेत आठ दिवसांपासून बाभळीचा काटा रुतून बसलेला, घरातल्या सुईला दाद देईना. म्हटलं, ही डॉक्टरी सुई, हिला टोक असणार!

मागितली असती तर पोरीनं दिलीही असती. पण देवपूजेत माणसाला हाक मारू नये, एवढं मला कळतं. नखानं झाकण हळूच सोडवलं. आत हिरव्या टोप्या घातलेल्या सुया, शंभर. त्यातली एक घेतली. शंभरातली एक! पण झाकण परत चिकटेना. मग बाजूच्या पातेल्यातलं रात्रीच्या भाताचं शीत घेतलं आणि असं बेमालूम चिकटवलं म्हणता, कंपनीवाल्यानं बघून तोंडात बोट घालावं. सुई पर्समध्ये टाकली. विरजणाची वाटी घेऊन घरी आले आणि स्वयंपाकाच्या गडबडीत काट्याला आणि सुईला, दोघांनाही विसरले.

तर आता माझी तयारी. जेल म्हटल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं? सकाळपासून पोरीच्या पोटात काय असेल? भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, डबा भरला. आधार कार्ड घेतलं. जामीन द्यायला मिळकतीचा कागद लागतो असं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून ह्यांच्या कपाटातनं घरफाळ्याची पावती घेतली. ह्यांना सांगितलं नाही. ते झोपले होते, आणि जागे असते तरी सांगितलं नसतं.

कोपऱ्यावर दस्तगीरभाईंची रिक्षा. गेली वीस वर्षं आमच्या गल्लीतली सगळी लग्नं, बाळंतपणं त्यांनीच वाहिलीत.

“कुठं निघालासा भाभी?”

“जेलाकडं चला.”

“या अल्ला! दादांनी काय केलं?”

“दादा झोपल्यात. गिरिजाला धरलीया. सोडवून आणायचीय. कुणाला बोलू नका!”

“आपल्या गिरिजाला?” त्यांनी रिक्षाच थांबवली. “आमच्या आम्मीचं रक्त काढायला घरी येती ती! ती कुणाचं काय करंल ओ?”

“म्हणून तर म्हणतोय, चला लौकर!”

दस्तगीरभाईंनी त्या दिवशी रिक्षा चालवली नाही, उडवली. प्रत्येक खड्ड्याला माझ्या टाचेतून कळ मस्तकात जायची. पण मी हूं नाही की चूं नाही केलं. मनात म्हटलं, पोरगी तिथं गजाआड बसलीय, आणि तू काट्याचं काय घेऊन बसलीस मालन?

जेलच्या गेटवर ही गडबड! शिपाई आत-बाहेर पळताहेत, कोण कुणाचं ऐकत नाही. दारातल्या खुर्चीवर एक हवालदार, भली मोठी वही पुढ्यात.

“कुणाला भेटायचंय?”

“भेटायचं न्हाई. न्यायला आलोय. गिरिजाला.”

त्यानं मला खालून वर बघितलं. “आज भेटी बंद हायेत. आत तपासणी चाललीया.”

“माझी घरफाळ्याची पावती घ्या. आधार घ्या. पण पोरीला पाचच्या आत सोडा.”

“काकू, इथं असं पावती घिऊन सोडत न्हाईत.”

“मग कसं सोडतात ते सांगा. मी तसं करतो!”

“आवो, या नावाची कैदीच न्हाई आमच्याकडं!”

इथं माझा पारा चढला. “न्हाई कसं? तिच्या आईशी ती बोलल्याली माझ्या कानानं ऐकलंय मी! लपवतासा व्हय पोरीला? आज तिची सुपारी हाय. दोन स्थळं मोडल्यात, हे मोडलं तर तिची आई आंथरूण धरंल. तिनं काय केलं आसंल ते माझ्या नावावर घाला. सगळा गुन्हा माझ्यावर लिवा! म्हणावं, मालननं केलं! लिवा!”

सगळं गेट माझ्याकडं बघायला लागलं. मला वाटलं, माझ्या त्यागाचा परिणाम झाला. तेवढ्यात आतून एक पोलीस बाई आल्या, तरुण होत्या, पण आवाज करडा.

“काकू, तुम्ही रक्त काढायला आलेल्या गिरिजाविषयी बोलताय का?”

“रक्त काढायला?”

“लॅबतर्फे कैद्यांचं रक्त तपासायला येतात त्या. दर महिन्याला.”

माझ्या डोक्यात आधी उजेड पडला, आणि मग अंधार. दर महिन्याला! आणि मला माहीत नाही? भिंत एवढी पातळ असून?

“मग सोडत का न्हाईसा तिला?”

बाई म्हणाल्या, “जेलात सुई म्हणजे चेष्टा नाही, काकू. आत नेताना जेवढ्या, तेवढ्याच बाहेर यायला पाहिजेत. वापरलेल्या आणि कोऱ्या मिळून हिशेब जुळला पाहिजे. आज एक कमी भरलीय. आतल्या कुणाच्या हाताला लागली तर काय होईल? ती सापडेपर्यंत कुणीच बाहेर जायचं नाही. दोन तास झाले, अंथरुणं झाडतोय आम्ही.”

खरं सांगू? तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. उलट मी म्हटलं, “मला आत सोडा. मी हुडकून देतो. आमच्या घरातलं हरवल्यालं सगळं मलाच घावतंय.”

“आत कुणालाही झडतीशिवाय सोडत नाही.”

“घ्या की मग झडती! मला काय भ्या हाय?”

मी ऐटीत पर्स टेबलावर पालथी केली. किल्ल्या, पिना, हळदीकुंकवाची पुडी, गोळ्यांचं पाकीट, बडीशेप, आणि टुणकन उडी मारून वहीवर जाऊन बसली ती हिरव्या टोपीची सुई.

हवालदारानं सुईकडं बघितलं. सुईवरनं माझ्याकडं बघितलं. आणि शांतपणे पेनाचं टोपण काढून म्हणाला, “लिवा म्हणाला न्हवता? सांगा. नाव?”

गिरिजाला बाहेर आणली. पोरगी रडून लाल झालेली. टेबलावरची सुई बघितली, मला बघितलं, आणि कपाळाला हात लावला. “काकू… डबा तर बंद होता!”

“शीत लावल्यालं,” मी म्हटलं. काय करू, तोंडातनं गेलंच.

“बंद डबा म्हणून गेटवर शंभर धरल्या ओ! मी सकाळी मोजल्याच न्हाईत!”

साडेचार वाजलेले. बाई म्हणाल्या, सुई जुळली, गिरिजा जाऊ शकते, पण या काकूंना थांबावं लागेल, जबाब लिहायचाय, साहेब यायचेत. गिरिजा माझा हात धरून उभी. “काकूंना सोडून मी जात न्हाई.”

अहो, या पोरीला मी तीन तास लटकवलेली, आणि ती मला सोडून जात नाही! त्या एका क्षणाला मला काटा, पावणं, जेल, काही काही दिसेना. पण मी डोळे पुसले आणि ओरडले, “जातीस का न्हाई? स्थळ मी आणलंय, मोडायचं बी मीच व्हय? दस्तगीरभाई, न्या हिला! आनि खड्डे चुकवू नका, सरळ जावा!”

ती गेली. मी गेटजवळच्या खोलीत बसले. पोलीस बाई माझा जबाब लिहून मला वाचून दाखवत होत्या, “मी, मालन, धंदा घरकाम, शिक्षण सातवी, असा जबाब देते की, मी शेजारी विरजण मागण्यास गेले असता, सदर पिशवी उघडी असल्याने…” बाई मध्येच थांबायच्या, तोंडावर रुमाल धरायच्या आणि पुढं वाचायच्या. साहेब आले. त्यांनी मला सुनावलं, आणि काय सुनावलं! एका सुईनं माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि शंभर माणसं एका सुईपायी तीन तास घाम गाळत होती. मी मान खाली घालून ऐकलं. खरंच होतं ते. मग सही केली.

मी घरी पोचले तेव्हा सात वाजलेले. सगळी गल्ली दारात उभी! दस्तगीरभाईंनी, “कुणाला बोलू नका” हे वचन पाळत, फक्त कोपऱ्यावर सांगितलेलं, की भाभींना आत घेतलंय. आमचे हे कपाट उपसून घरफाळ्याची पावती शोधत होते, जामिनासाठी!

अक्कांच्या घरात पावणं अजून बसलेली. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. गिरिजा दारात आली, मला ओढत आत नेलं. तिनं पावण्यांना आधीच सगळं सांगून टाकलेलं. जेलात जाते ते, सुईचं, शिताचं, सगळं. मी म्हटलं, संपलं. तिसरं स्थळ माझ्या टाचेपायी गेलं.

मुलाची आई मधोमध बसलेली. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं बाईला हळू बोलायची सवयच नाही. पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, “पोरीनं लपवलं न्हाई, हे मला लई आवडलं. जेलातल्या मानसांचं रक्त काढती, भीत न्हाई. आनि आमचं पोरगं बघा! सुईचं नाव काढलं की घेरी येती त्याला. घरात एक तरी धीराचं मानूस नको व्हय? पोरगी पसंत हाय!”

अक्कांनी कानडीत देवाला काहीतरी म्हटलं. मी पदर डोळ्याला लावला.

“पण एक अट हाय!”

सुपारीवर आडकित्ता तसाच थांबलेला. बाईनं बोट उचललं ते थेट माझ्यावर.

“लग्नात रुखवत मांडल्याल्या खोलीत ह्या काकूंना एकटं सोडायचं न्हाई. आनि सोडलंच, तर आत जाताना मोजायचं, भाईर येताना मोजायचं!”

सुपारी फुटली ती त्या हशात. टाचेतला काटा गिरिजानं दुसऱ्या दिवशी काढला, शिवणाच्या साध्या सुईनं, एका मिनिटात.

आणि गल्लीतल्या बायका अजून बोलतात, की शेजारणीच्या घरात चोरी करून मालन जेलात जाऊन बसून आली. साफ खोटं आहे! मला जेलात नेलंच नव्हतं, गेटजवळच्या खोलीत बसवलेलं.

बाकीचं खरं आहे.