मेतकुटाचं पार्सल

हे कुणाच्या हाती लागलंच तर आधी सांगते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतील आणि अक्षर तर बघवत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, हातात पेन्सिलीऐवजी लाटणं आलं. ते अजून आहे. वाचायला त्रास झाला तर माफ करा. मनात फार दिवस राहिलेलं आहे, ते कुठेतरी उतरवायचं एवढंच.

सदाशिव पेठेत तळमजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत टेबलं मांडून आम्ही खानावळ चालवतो. क्लासला आलेली मुलंमुली जेवतात. मी मागच्या खोलीत असते, मधे पडदा. पोळ्या पडद्याच्या फटीतून बाहेर जातात. वाढणं, पैसे घेणं, उशिरा येणाऱ्याला टोमणा मारणं हे सगळं ह्यांच्याकडे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. मुलांना वाटतं काकू रागीट आहेत. वाटू दे.

आमचा एकुलता एक मुलगा सैन्यात जवान आहे. कुठे असतो ते आम्हाला माहीत नसतं. त्याचा पत्ता म्हणजे पलटणीचं नाव आणि काही आकडे. गाव नाही, जिल्हा नाही. त्या आकड्यांवर सामान पाठवलं की तो असेल तिथे ते पोचतं. मी त्याला मेतकूट पाठवत असते. तिकडे गरम भातावर घालून तो आणि त्याचे सोबती खातात. डबा मांजरपाटात शिवायचा, कापडावर पत्ता लिहायचा, मग हे पोस्टात टाकून येतात.

पत्ता लिहायचा तो आमच्याकडे जेवणारा एक पत्रकार. माझं अक्षर पोस्टातल्या माणसाला लागणार नाही म्हणून त्यानेच एकदा मार्कर मागितला आणि पुढे ते त्याचंच काम झालं. एका बातम्यांच्या चॅनेलच्या पुण्यातल्या ऑफिसात तो होता, राहायला समोरच्याच वाड्यात. वय आमच्या मुलाएवढंच. दुपारी सगळी मुलं जेवून गेली की तो यायचा. हे म्हणायचे, "या संपादक. देश चालवून झाला का? आमटी गार झाली."

त्याच्यावर माझा जीव होता, आणि त्याचं देणंही होतं. घरमालकांनी डिपॉझिट वाढवून मागितलं, तेव्हा हे दोन दिवस गप्प गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्याने न मागता चाळीस हजार आणून टेबलावर ठेवले. "जेवणातून फिटतील, काकू," म्हणाला. तेव्हापासून तो महिन्याचे अर्धेच पैसे द्यायचा, बाकीचे देण्यातून वळते व्हायचे.

मग सीमेवर काहीतरी होणार अशी हवा झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. एका दुपारी मुलाचा फोन आला.

"आई, मेतकूट टाकलंस का?"

"शिवून ठेवलंय. आज जातील हे."

"नको. आता नको. मी सांगेन तेव्हा टाक."

"का रे?"

"आई," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "काही दिवस फोन आला नाही तर घाबरू नकोस. आणि कुणाला काही बोलू नकोस. बाबांनापण नको. त्यांच्या तोंडावर सगळं छापून येतं."

मी ह्यांना सांगितलं की लाडू करून बरोबरच पाठवू, थांबा. पार्सल फडताळावर ठेवलं. माझ्या तोंडून काही बोललं जाणार नाही, अशी मला खात्री होती. बोलण्याची सवयच कुठे होती? पण न बोलताही कळतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आठवड्याने तो पत्रकार जेवून हात धुवायला आला. बेसिन पडद्याच्या आतल्या बाजूला आहे. रुमालाने हात पुसता पुसता त्याची नजर फडताळावर गेली.

"काकू, पार्सल अजून इथेच? मी पत्ता लिहून किती दिवस झाले!"

मी पोळी लाटत राहिले. तो तिथेच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "दादाची पलटण हलली का?"

मी वर पाहिलं नाही.

"आमचे साहेब सकाळपासून डोक्यावर बसलेत. सगळ्यांना काहीतरी मिळतंय, पुण्यातून आम्हीच रिकामे. तुमचं नाव नाही, दादाचं नाव नाही. नुसतं 'सूत्रांकडून' म्हणायचं. तुम्ही काही बोलूच नका, काकू. तसं नसेल तर फक्त 'नाही' म्हणा."

मला खोटं बोलता येत नाही. नाही म्हटलं असतं तर आवाजावरून कळलं असतं, गप्प राहिले तर ते हो झालं असतं. तव्यावरची पोळी करपली. "करपली," एवढंच मी म्हणाले. तो गेला.

त्याने पैशाचं नाव काढलं नाही, एका अक्षराने नाही. तरी संध्याकाळच्या कणकेला बसले तेव्हा डोक्यात तेच. ज्याच्या पैशावर आपण या छपराखाली आहोत, त्याला एक शब्द द्यायचा नाही? आणि दिला तर माझा मुलगा कुठे असेल आणि त्याच्यावर काय येईल? कणीक सैल झाली, पुन्हा पीठ घालून मळावी लागली.

सकाळी तो स्कूटर काढताना दिसला. मी पार्सल घेऊन बाहेर गेले. "मला पोस्टापर्यंत सोडशील? ह्यांचा गुडघा दुखतोय."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "बसा."

पोस्टात तो माझ्यामागेच उभा होता. खिडकीतल्या माणसाने पार्सल उचलून पाहिलं. "आत काय?"

"मेतकूट."

"सांडणार नाही ना? परवा कुणाचं तरी लोणचं फुटलं. सगळं टपाल आंबट झालं."

"नाही सांडत," मी म्हणाले. अनोळखी माणसाशी इतकं मी कधी बोलले नव्हते. पावती घेतली. त्या पत्रकाराला दिसलं पाहिजे होतं की नेहमीसारखं पार्सल गेलं, म्हणजे मुलगा नेहमीच्या जागीच आहे. मुलगा नको म्हणाला होता आणि मी टाकलं. पोचेल तेव्हा पोचेल, नाहीतर जाईल वाया.

त्याच्या चॅनेलवर काही आलं नाही. पण दोन दिवसांनी दुसऱ्या एका चॅनेलवर आलं. टेबलं भरलेली होती. पडद्याच्या फटीतून मला नकाशा दिसला, त्यावर मोठा लाल बाण. एक निवृत्त साहेब छडीने दाखवत होते की तुकड्या इथून अशा वर जातील. आणि त्यांनी पलटणीचं नाव घेतलं. आमच्या मुलाच्या.

"भारी! लाइव्ह दाखवतायत," एक मुलगा ओरडला.

हे भाजीचं पातेलं घेऊन उभे होते. "शत्रूचं बरं झालं," म्हणाले, "हेर ठेवायचा खर्च वाचला. केबलचं भाडं भरलं की काम झालं." पण वाढायचं विसरले. नाव त्यांनीही ऐकलं होतं.

मी पडदा सारून बाहेर आले. भरल्या टेबलांसमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळे जेवायचे थांबले. मी टीव्ही बंद केला.

"अहो काकू, चालू होतं ना!"

"पोळी घे," मी म्हणाले.

तो पत्रकार तेव्हाच दारात आला होता. एका हातात हेल्मेट तसंच. "काकू," तो म्हणाला, "आमच्याकडून नाही गेलं."

"जेवायला बस."

तो बसला, पण त्या दिवशी त्याच्या ताटातला भात तसाच राहिला.

नंतरचे दिवस मी लिहीत नाही. ज्यांचं कुणी तिकडे असतं त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. ह्यांना मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पोस्टात मलाच पाठवायचंस की. माझा गुडघा चांगला आहे." मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. तो पत्रकार रोज यायचा, एक शब्द विचारायचा नाही. ताट स्वतः उचलून ठेवायचा.

शेवटी एका दुपारी फोन वाजला.

"आई, मेतकूट मिळालं. नको म्हटलं होतं ना?"

तो हसला. "पार्सल कुठे कुठे फिरून आलंय. सादळलंय, पण संपलंसुद्धा."

सुट्टीवर आला तेव्हा तो पत्रकाराशेजारीच जेवायला बसला. ह्यांनी विचारलं, "त्या नकाशाचं काय झालं रे?" मुलगा फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, "ती वाट सोडावी लागली. टीव्हीवर आली म्हटल्यावर कसे जाणार? लांबून गेलो, बर्फातून. माझ्या सोबत्याच्या पायाची बोटं गेली." आणि आमटी मागितली. शेजारचा हात ताटात थांबलेला मी पडद्यातून पाहिला.

त्यानंतरची पार्सलं मी स्वतःच्या हाताने लिहू लागले. आधी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर गिरवायची. असं लिहायची सवय तिथूनच लागली. पत्रकाराने पुन्हा कधी मार्कर मागितला नाही.

पुढे त्याचं लग्न झालं. तो बिबवेवाडीला राहायला गेला आणि जेवण बंद झालं. देणं अजून निम्म्याच्या वर होतं. "राहू द्या हो, काकू," तो म्हणाला. पण मी राहू दिलं नाही. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, घरपोच जेवणाचे डबे सुरू केले. पैसे जमतील तसे हे त्याला नेऊन द्यायचे. शेवटचे पैसे द्यायला मी एकटीच बसने गेले. दारात सून होती, त्याची बायको. तिने पाणी दिलं. तो बाहेर आला.

वाटेत सगळं पाठ केलं होतं. "तू तेव्हा विचारलंस," मी म्हणाले, "आणि मी काही बोलले नाही. तुझे पैसे होते म्हणून तोंडावर 'सांगणार नाही' म्हणता आलं नाही. म्हणून पार्सल टाकलं. तुला फसवायला टाकलं."

तो हसला, मुलासारखाच. "काकू, मला स्कूटरवरच कळलं होतं. पार्सल टाकायला तुम्ही कधी आलात? काका जायचे. आणि काका त्याच सकाळी दुधाची पिशवी घेऊन धावत रस्ता ओलांडताना दिसले होते."

"मग साहेबांना काय सांगितलंस?"

"पार्सल गेल्याचं सांगितलं. ते खरंच होतं."

मी पाकीट पुढे केलं. त्याने तसंच खिशात घालायला घेतलं.

"मोजून घे," मी म्हणाले.

"काकू..."

"मोज."

तो खुर्चीवर बसला. एकेक नोट मांडीवर ठेवत त्याने मोजल्या, मी उभी राहून पाहिलं. "बरोबर आहेत," तो म्हणाला. सगळे फिटले.