त्रेसष्ट पुस्तकांतली शिट्टी

काकांच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं, मग चहा, आणि मग सुटका नसल्यासारखी ती छोटी खोली. खोली कसली, पलंग टाकला तर दार उघडायचं नाही एवढी जागा. भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली, खिडकीला दुहेरी पडदा आणि टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्या एका बाजूला कॅसेटचा डेक, दुसऱ्या बाजूला तबकड्या वाजवायचं यंत्र, वर रेडिओ, आणि खाली स्पूलच्या टेपचं एक धूड. ते ऑफिसने भंगारात काढलं होतं, आणि काकांनी स्वतःच्या पाठीची पर्वा न करता तीन जिने चढवून घरी आणलं होतं. या सगळ्यांच्या वायरी एका काळ्या डबीत जायच्या आणि डबीतून एकच वायर कॉम्प्युटरमध्ये. "आवाज कशातही अडकलेला असू दे, इथून बाहेर काढून देतो," असं काका सांगायचे, आणि त्यात थाप नव्हती.

एकतीस वर्षं ते रेडिओ केंद्रात रेकॉर्डिस्ट होते. गाणाऱ्याच्या घशात खवखव आहे हे गाणाऱ्याच्या आधी त्यांना कळायचं. बंद दारापलीकडच्या पंख्याचा आवाज आत येतोय म्हणून त्यांनी एकदा साहेबांच्या केबिनमधला पंखा बंद करायला लावला होता, आणि साहेब घाम पुसत बसले होते. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असावाच लागतो. काकांना कानांचा होता. तो त्यांनी कमावलेला होता, पण घरात तो जरा जास्तच वाजायचा. काकू स्वयंपाक करताना गुणगुणल्या की आतून आवाज यायचा, "अगं, सूर सोड, निदान कुकरवर तरी लक्ष दे!" काकू गप्प व्हायच्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. गुणगुणणं कधी थांबलं ते दोघांपैकी कोणालाच नक्की सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तबकड्या, कोणाच्या बारशाची कॅसेट, कोणाच्या आजोबांचं भाषण, असं करत करत काकांकडे अंधांच्या वाचनालयाचं काम आलं. तिथे जुन्या काळी लोकांनी मोठ्याने वाचून भरलेली पुस्तकं होती, एकेका पुस्तकाच्या बारा-पंधरा कॅसेटी. पट्ट्या जुन्या झाल्या होत्या, काहींची भुकटी डेकच्या तोंडाला लागत होती. एकदा वाजवली की दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही, अशी गत. काकांनी सांगितलं, सगळं कॉम्प्युटरवर घेतो, साफ करून देतो, फुकट. त्याच सुमारास जावयाने नवा कॉम्प्युटर आणि ती काळी डबी भेट दिली. तीन वर्षांत काकांनी त्रेसष्ट पुस्तकं पुरी केली. रोज सकाळी नऊ ते एक आणि चार ते सात, कचेरीत जावं तसे ते इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत जायचे.

एका मंगळवारी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. वाचनालय आपल्या बोलत्या पुस्तकांच्या प्रती दुसऱ्या शहरांत पाठवणार होतं. कोणती पाठवायची हे ठरवायला त्यांचे एक सभासद काकांकडे येणार होते. हे सभासद एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मापासून आंधळे, आणि वाचनालयातला सगळ्यात मोठा वाचक. काका खूश झाले. तीन वर्षांत कोणी तरी पहिल्यांदाच ऐकायला घरी येणार होतं.

ऑपरेटर आले, कठड्याला धरून तीन जिने चढले आणि खुर्चीवर ताठ बसले. काकांनी त्यांच्या डोक्यावर स्वतःचे हेडफोन चढवले आणि सगळ्यात चांगलं पुस्तक लावलं. एका शिक्षिकेने वाचलेलं, चौदा कॅसेटींचं. बाई कधीच वारल्या होत्या आणि त्या कॅसेटींतल्या निम्म्या नंतर तुटल्या होत्या. आता ते पुस्तक काकांनी कॉम्प्युटरवर घेतलं होतं तेवढंच उरलं होतं.

अर्ध्या मिनिटात ऑपरेटरांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"काका, जरा ती शिट्टी बंद करता का?"

"कसली शिट्टी?"

ऑपरेटर हसले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. मग काकांचा श्वास त्यांनी ऐकला असावा, कारण ते हसायचे थांबले.

"बारीक, उंच शिट्टी आहे मागे. सलग. आणि बाईंचे स आणि श सुईसारखे टोचतात. तुम्हाला... तुम्हाला नाही ऐकू येत?"

काका चिडले. खोटं कशाला सांगा, चांगलेच चिडले. एकतीस वर्षांचा हिशेब त्यांनी ऑपरेटरांच्या पुढ्यात मांडला, साहेबांच्या पंख्यासकट. हेडफोनमध्ये दोष असेल म्हणाले, मग कॅसेटीत असेल म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुमचे कानच जरा जास्त तिखट असतील!"

"असतील," ऑपरेटर शांतपणे म्हणाले. "पण काका, तुमची पुस्तकं कोणी नेत नाही. मी दोन नेली होती, डोकं धरून परत केली. बाकीच्यांनीही तीच दोन ऐकून पाहिली. सगळी कपाटात आहेत."

"मग तीन वर्षांत कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने, फुकट करताय. वर आम्ही तक्रार करायची म्हणजे धर्माची गाय आणि दात का गं नाय! सगळे मूग गिळून बसले. मीही बसलो. चुकलंच आमचं."

काकूंनी आणलेला चहा ऑपरेटरांनी संपवला, काकूंना नमस्कार केला आणि ते गेले. काकांनी खोलीचं दार लावून घेतलं.

आता खरंखोटं करायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. कॉम्प्युटरला सांगितलं की तो शुद्ध सूर काढून देतो, हवा तेवढा खालचा, हवा तेवढा वरचा. रेडिओ केंद्रात यंत्रं तपासायला काका हेच करायचे. त्यांनी स्पीकर चालू केला आणि खालून सुरुवात केली. सेकंदाला पाचशे कंपनं, मग हजार, दोन हजार. सगळं स्वच्छ. चार हजारांवर आवाज जरा दूर गेल्यासारखा झाला. पाच हजारांवर तो असल्यासारखा होता. सहा हजारांवर काही नाही. काकांना वाटलं, कॉम्प्युटर अडकला. त्यांनी आकडा आठ हजारांवर नेला आणि आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, मग पार टोकाला नेला. खोलीत इतकं शांत होतं की त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

धाडकन दार उघडलं. काकू पिठाच्या हातांनी दोन्ही कान दाबून उभ्या होत्या.

"अहो, बंद करा ते! कानाचे पडदे फाडताय का?"

काका बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून स्पीकर बंद केला. त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही. काकूंनी मात्र हुश्श करून हात खाली घेतले, आणि दोन्ही कानांना पीठ लागलेलं तसंच राहिलं.

"तुला ऐकू येत होतं?"

"मला? अख्ख्या बिल्डिंगला येत असेल!"

काकांनी शिक्षिकेचं पुस्तक स्पीकरवर लावलं. "यात शिट्टी आहे?"

"आहे की."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी तुम्हाला. दाराशी उभं राहून. म्हटलं, मागे काही तरी किणकिणतंय. तुम्ही म्हणालात, तुझा कान म्हणजे डब्याचं झाकण, त्याला काय कळतंय. मग मी म्हटलं, असेल बाई, मशीनचा आवाज असाच असेल."

काकांना हे आठवत नव्हतं. बोलणाऱ्याला आठवत नाहीच, ज्याला लागतं त्याला आठवतं. पण काकू खोटं बोलत नाहीत एवढं बेचाळीस वर्षांत त्यांना कळलं होतं. त्यांनी पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. आठ हजारांच्या जागी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एक बारीक सरळ रेघ होती. डबीला कॉम्प्युटरमधून मिळणाऱ्या विजेची कुरकुर होती ती. रेघ तीन वर्षं तिथेच होती. पण जन्मभर कानांवर भरवसा ठेवलेला माणूस डोळ्यांचं कशाला ऐकतोय! स आणि श बोथट वाटतात म्हणून त्यांनी प्रत्येक पुस्तकात वरचे सूर चांगले चढवून दिले होते. बोथट आवाज नव्हता झालेला, ते स्वतः झाले होते.

चार दिवस काका त्या खोलीत गेले नाहीत. इस्त्रीचे शर्ट कपाटात लटकत राहिले. ते खिडकीशी बसायचे, आणि विचारलं तर "काही नाही" म्हणायचे. त्यांना लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. डोळे गेलेल्या माणसांना आपण काही तरी देतोय, या एका गोष्टीवर त्यांचं म्हातारपण उभं होतं. त्या माणसांनीच तीन वर्षं त्यांना सांभाळून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी ते वाचनालयात गेले आणि ग्रंथपाल बाईंना म्हणाले, "कपाट दाखवा." काकांनी सीडींवर भरून दिलेली त्रेसष्ट पुस्तकं ओळीने उभी होती. प्रत्येकाला कोणी कधी नेलं ते लिहायचं कार्ड होतं. एकसष्ट कार्डं कोरी होती.

"काका, यातलं कोणाला सांगायची काही गरज नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आम्ही म्हणू, मशीन बिघडलं होतं. झाकली मूठ राहू दे."

"मशीन ठीक आहे," काका म्हणाले. "मला वरचं ऐकू येत नाही. सभासद विचारतील तर असंच सांगा. मी सगळी परत नेतोय."

तोंडातून ते वाक्य पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि आश्चर्य म्हणजे छत कोसळलं नाही. बाईंनी पिशव्या आणून दिल्या.

रेघ पुसणं सोपं होतं. दिसत होती, डोळ्यांनीही पुसता आली असती. पण चढवलेले सूर किती उतरवायचे? कमी उतरवले तर टोचणार, जास्त उतरवले तर वाचणाऱ्या बाईंचा आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा होणार. ते फक्त कानच सांगू शकतो, आणि तसा कान घरात एकच होता. तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता.

काका दारात जाऊन उभे राहिले.

"मला जरा तुझे कान हवेत."

"माझे?" काकूंनी मागे न बघता विचारलं. "डब्याच्या झाकणाचे?"

"चुकलं माझं."

काकूंच्या हातातली ताटली नळाखालीच राहिली. हे दोन शब्द या घरात त्यांनी स्वतःच्या तोंडून पुष्कळदा ऐकले होते, नवऱ्याच्या तोंडून आठवून सापडेना. त्यांनी नळ बंद केला.

"फक्त तेवढंच चुकलं की सगळंच?"

"सगळंच," काका म्हणाले. "तू गायची थांबलीस तेही."

पदराला हात पुसून काकू छोट्या खोलीत गेल्या आणि काकांच्या खुर्चीवर बसल्या. काकांनी स्वतःसाठी स्टूल ओढलं.

पहिला दिवस भांडणातच गेला. काका आकडे बोलायचे, काकू स्वयंपाकघरातलं बोलायच्या. "आता ताटलीवर चमचा घासतोय." "आता जरा बरंय." "अहो, एवढं नका करू, बाईंची जीभ जड झाली!" काका बटण केसभर मागे घ्यायचे. दुसऱ्या दिवसापासून काकांना ती भाषा कळू लागली. तिसऱ्या दिवशी, चौदा कॅसेटींचं ते पुस्तक संपत आलं तेव्हा, काकूंनी एकदम हात वर केला आणि डोळे मिटून घेतले.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता बाई इथे बसल्यात." काकूंनी शेजारची रिकामी जागा दाखवली.

काकांनी हेडफोन मागून घेतले. आधीचा आवाज लावला, मग आत्ताचा. पुन्हा आधीचा, पुन्हा आत्ताचा. डोळे मिटून ऐकलं, श्वास धरून ऐकलं. तीन दिवस ज्या फरकासाठी दोघं घासाघीस करत होती, त्याचा कणही त्यांच्या कानाला लागला नाही.

वाचनालयाच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, आवाज कोणी तपासला. काकांनी पेन उघडलं आणि तिथे बायकोचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर.

"माझं कशाला?" काकू म्हणाल्या.

"मला दोन्ही सारखेच ऐकू येतात गं." त्यांनी पेन बंद केलं. "अगदी सारखे."

काकूंनी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून अलगद काढून स्वतःच्या कानांवर चढवले.

"मी ऐकतेय ना," त्या म्हणाल्या. "पुढचं लावा. अजून बासष्ट आहेत."